गाडी सांगते, आपण ऐकतो का?



मागच्या जुलैमध्ये सुट्टी संपवून मी शाळेत परतलो, तेव्हा मला सोडायला घरचे सगळे आले होते. माझ्या पाच वर्षांच्या बहिणीच्या ओठावर तीन टाके होते आणि पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता. हाउसमधल्या मित्रांनी विचारले, "काय झालं रे हिला?" मी म्हणालो, "गाडीत पडली." ते खोटे नव्हते, पण पुरतेही नव्हते. पुढे फिजिक्सच्या तासाला 'लॉज ऑफ मोशन' हा धडा सुरू झाला आणि त्या दिवशीचा प्रवास मला प्रत्येक समीकरणात दिसू लागला. म्हणून हा लेख.

आमचे गाव सातारा जिल्ह्यात. तिथून राजस्थानातल्या शाळेपर्यंत सुमारे बाराशे किलोमीटर. दर वर्षी मी रेल्वेने येतो. या वेळी काकांनी नवी गाडी घेतली होती, म्हणून सर्वांनी मिळून दोन दिवसांत रस्त्याने जायचे ठरले. काका आणि बाबा आळीपाळीने गाडी चालवणार होते. माझे बाबा सैन्यात ड्रायव्हर होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. मागे आजी, बहीण आणि मी.

गाडीने केलेली मदत

पहिल्यांदा गाडीच्या बाजूने सांगतो, कारण तिने खरोखर मदत केली.

पहाटे खंबाटकीच्या बोगद्याआधी चढावर ट्रकांची रांग लागली होती. जुन्या गाडीत अशा ठिकाणी हँडब्रेक, क्लच आणि ॲक्सिलरेटर यांची कसरत करावी लागे. या गाडीत 'हिल होल्ड' आहे. चढावर ब्रेकवरून पाय उचलला तरी गाडी दोन-तीन सेकंद ब्रेक धरून ठेवते. तेवढ्यात पाय ॲक्सिलरेटरवर जातो आणि गाडी मागे सरकत नाही.

पुण्याच्या अलीकडे समोर पिवळा दिवा लागला. मागच्या डाव्या टायरमधली हवा ३३ वरून २६ पीएसआयवर आली होती. पंपावर थांबून पाहिले तर टायरमध्ये खिळा. या सोयीला टायर प्रेशर मॉनिटर म्हणतात. ती दोन प्रकारची असते. एका प्रकारात प्रत्येक चाकात दाब मोजणारा छोटा सेन्सर असतो. दुसऱ्या प्रकारात दाब मोजलाच जात नाही. हवा कमी झाली की चाकाची त्रिज्या किंचित कमी होते, त्यामुळे ते चाक बाकीच्या चाकांपेक्षा जास्त फेरे घेते. तो फरक एबीएसचे सेन्सर पकडतात. कमी हवेचा टायर जास्त दबतो, तापतो आणि वेगात फुटू शकतो. दहा मिनिटांत पंक्चर काढून आम्ही पुढे निघालो.

बोरघाट उतरताना बाबांनी गिअर खाली घेतला. "ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा," हा त्यांचा जुना नियम. सतत ब्रेक दाबून उतरले की ब्रेक तापतात आणि त्यांची पकड कमी होते. गाडी कितीही नवी असली तरी हा नियम बदललेला नाही.

टोलनाक्यावर फास्टॅगमुळे सुटे पैसे शोधावे लागले नाहीत. ढाब्यावर गाडी मागे घेताना कॅमेऱ्यात मागे खेळणारे कुत्र्याचे पिल्लू दिसले. मागच्या सीटलाही एसीची हवा येत होती, त्यामुळे आजीला मळमळ झाली नाही. कुटुंबाच्या प्रवासात या गोष्टी लहान नसतात.

रडार आणि कॅमेरा

मुंबई मागे टाकल्यावर काका चालवायला बसले आणि त्यांनी 'ॲडॅप्टिव्ह क्रूझ' सुरू केले. साध्या क्रूझमध्ये आपण ठरवलेला वेग गाडी राखते. ॲडॅप्टिव्ह प्रकारात पुढच्या बाजूला बसवलेले रडार रेडिओलहरी सोडते. त्या पुढच्या गाडीवर आदळून परत येतात. परतायला लागलेल्या वेळेवरून अंतर कळते आणि लहरींच्या वारंवारितेत पडलेल्या फरकावरून, म्हणजे डॉप्लर परिणामावरून, दोन्ही गाड्यांच्या वेगातला फरक कळतो. पुढची गाडी हळू झाली की आपलीही हळू होते. काचेवर आरशामागे एक कॅमेरा असतो. तो रस्त्यावरचे पांढरे पट्टे वाचतो आणि गाडी लेन सोडू लागली की आवाज करतो किंवा स्टेअरिंग हलकेच वळवतो. समोर धडक होणार असे वाटले तर काही गाड्या स्वतः ब्रेकही लावतात.

काका खूश होते. "दादा, आता तू झोप. ही गाडी माझ्यापेक्षा चांगली चालवते." बाबा म्हणाले, "चालवू दे, पण बघायचं काम तुझंच." आणि ते झोपले. रात्रभर जागून सामान त्यांनीच बांधले होते.

पण या यंत्रांना मर्यादा आहेत आणि त्या गाडीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेल्या असतात. पट्टे पुसले गेले की कॅमेऱ्याला लेन दिसत नाही. जोराच्या पावसात, धुक्यात किंवा सेन्सरवर चिखल बसला की यंत्रणा बंद पडते आणि तसा संदेश पडद्यावर येतो. अशा अनेक यंत्रणा मुख्यतः चालत्या वाहनामागे जाण्यासाठी बनवलेल्या असतात. रस्त्याकडेला उभे असलेले वाहन त्यांना ओळखता येईलच असे नाही. उलट्या दिशेने येणारी मोटारसायकल किंवा मध्येच आलेली म्हैस यांचाही भरवसा नाही. काकांनी ती पुस्तिका उघडलेली नव्हती. मीही नाही.

माझी चूक

आता बहिणीबद्दल. तिच्यासाठी घरी चाइल्ड सीट होती. पण माझी काळी ट्रंक डिकीत गेल्यावर बिछान्याचे बंडल ठेवायला जागा उरली नाही. ते मागच्या सीटच्या पायाशी आणि कडेला आले. मग चाइल्ड सीट माळ्यावर गेली. "आजीच्या मांडीवर बसेल ती," असे मीच म्हणालो.

वापीच्या पुढे तिला झोप लागली. डोके आजीच्या मांडीवर आणि अंग मधल्या सीटवर. तिच्या वजनामुळे मधल्या सीटच्या पट्ट्याची सूचना वाजू लागली. टिंग, टिंग, टिंग. आजी वैतागली. काका म्हणाले, "बघ रे, काय वाजतंय ते." मी मधला पट्टा बहिणीच्या पाठीखालून घेतला आणि रिकामाच बकलमध्ये अडकवला. आवाज थांबला. मला आपण मोठे हुशार असल्यासारखे वाटले.

वलसाडच्या अलीकडे पाऊस सुरू झाला. थोड्या वेळाने गाडीने दोनदा वेगळा आवाज केला. समोर लिहून आले होते की पुढचा सेन्सर तात्पुरता बंद आहे. पण सकाळपासून गाडी इतक्या वेळा वाजली होती की कुणी तिकडे पाहिलेच नाही. ८० च्या पुढे वेगाची सूचना, लेनची सूचना, पट्ट्याची सूचना. आमचे कान सगळ्यांना सरावले होते. क्रूझ सुटल्यावर काकांनी सवयीने पाय ॲक्सिलरेटरवर ठेवला आणि गाडी पुन्हा ८० वर आली.

मग पावसाच्या पडद्यातून एकदम एक ट्रक दिसला. अर्धा रस्त्यावर, अर्धा कडेला, मागचे दिवे बंद. काकांनी ब्रेकवर पूर्ण जोर दिला. पॅडल थरथरले. ते एबीएस होते. चाक जाम होण्याच्या बेतात आले की एबीएस ब्रेकचा दाब सेकंदात अनेकदा कमी-जास्त करते, म्हणून ब्रेक दाबलेला असतानाही स्टेअरिंग वळते. काकांनी उजवीकडे वळवले. गाडीचा मागचा भाग घसरू लागला तेव्हा ईएससीने एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावून तिला सरळ केले. आम्ही ट्रकच्या बाजूने निघालो. धडक झाली नाही.

पण बहीण सीटवरून उडाली आणि तिचे तोंड पुढच्या सीटच्या मागच्या बाजूवर आपटले. लाडवांचा स्टीलचा डबा तिच्या डोक्याजवळून जाऊन गिअरपाशी पडला. तो तिला लागला असता तर काय झाले असते, याचा विचार मी अजूनही पूर्ण करत नाही.

दवाखान्यात टाके घालून झाल्यावर बाबा गाडीत सामान लावायला आले. रिकाम्या सीटवर अडकवलेला पट्टा त्यांना दिसला.

"हा कुणी लावला?"

"मी."

ते वडोदऱ्यापर्यंत बोलले नाहीत. रात्री लॉजवर म्हणाले, "संतरीच्या तोंडात बोळा कोंबायचा आणि झोपायचं. मग दुश्मन आत आला की संतरीला दोष द्यायचा, होय ना?"

आता फिजिक्स

धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो असे धरू. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक गाडीचा वेग दर सेकंदाला ७ मीटर प्रतिसेकंद इतका कमी करतात असे मानू. वेगाचा वर्ग भागिले दोन गुणिले मंदन, हे आपले नेहमीचे सूत्र.

ताशी ६० किमी: विचारात २५ मीटर, ब्रेकमध्ये २०, एकूण ४५ मीटर.
ताशी ८० किमी: विचारात ३३, ब्रेकमध्ये ३५, एकूण सुमारे ६९ मीटर.
ताशी १०० किमी: विचारात ४२, ब्रेकमध्ये ५५, एकूण ९७ मीटर.

वेग ६० वरून १०० वर गेला, म्हणजे दुपटीपेक्षा कमी वाढला. अंतर मात्र दुपटीपेक्षा जास्त वाढले. ओल्या रस्त्यावर मंदन ५ धरले तर ताशी ८० किमीला सुमारे ८३ मीटर लागतात. एबीएस असो वा रडार, टायर आणि रस्ता यांच्यातले घर्षण कुणी वाढवू शकत नाही.

आता मांडीवरच्या मुलाचे गणित. बहिणीचे वजन १८ किलो. ताशी ५० किमी वेगाची गाडी धडकून ०.१ सेकंदात थांबली, तर मंदन सुमारे १३९ मीटर प्रतिसेकंद वर्ग होते. तिला धरून ठेवायला २५०० न्यूटन बल लागेल, म्हणजे अडीचशे किलोचे ओझे उचलण्याइतके. आजीच काय, आपला बॉक्सिंग कॅप्टनही ते हातांनी धरू शकणार नाही. आम्ही फक्त ब्रेक लावला होता, म्हणून दातावर निभावले.

एअरबॅग आहे म्हणून पट्टा नको, हाही गैरसमज आहे. एअरबॅग सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत फुगते आणि पट्ट्याने जागेवर धरलेल्या शरीरासाठी ती बनवलेली असते. याच महामार्गावर पालघर जिल्ह्यात ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे अपघाती निधन झाले. गाडी महागडी होती, एअरबॅग होत्या. मागच्या सीटवरच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता असे पोलीस तपासात पुढे आले आणि ते दोघेही गेले. तीन ठिकाणी अडकणारा पट्टा १९५९ मध्ये व्होल्वोच्या निल्स बोहलिन यांनी गाडीत आणला आणि कंपनीने त्याचे पेटंट सर्वांना वापरू दिले. साठ वर्षांहून जुनी ही वस्तू आजही गाडीतल्या बाकी सगळ्या सोयींचा पाया आहे.

प्रवासाची फर्स्ट परेड

सैन्यात गाडी बाहेर काढण्यापूर्वी रोज तपासतात. त्याला फर्स्ट परेड म्हणतात. बाबांनी आता आमच्या गाडीसाठीही ती ठरवली आहे. सुट्टीत घरी जाल तेव्हा तुम्हीही करून पाहा.

१. टायर थंड असताना हवा पाहा. स्टेपनीतलीही.
२. पुढची काच, कॅमेऱ्यासमोरचा भाग आणि सेन्सर पुसा. वायपर व सर्व दिवे तपासा.
३. जड सामान डिकीत, खाली. सीटवर किंवा मागच्या काचेपाशी काहीही सुटे नको.
४. प्रत्येकाला स्वतःचा पट्टा. लहान मुलाला चाइल्ड सीट. सामान मावत नसेल तर सामान घरी राहील.
५. गाडीचा कोणता आवाज कशासाठी आहे, हे निघण्यापूर्वी सर्वांनी पुस्तिकेत वाचायचे.
६. दर दोन तासांनी थांबायचे. पुढच्या सीटवरचा माणूस को-ड्रायव्हर असतो. त्याने झोपायचे असेल तर गाडी थांबवून दुसऱ्याला पुढे बसवायचे.
७. आवाज झाला तर त्याचे कारण बंद करायचे, आवाज नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी वडोदऱ्यात नवी चाइल्ड सीट घेतली. तिच्यासाठी जागा करायला माझे बिछान्याचे बंडल पार्सलने पाठवले. ते शाळेत पाच दिवसांनी पोहोचले. तोवर मी पलंगाच्या फळीवर चादर टाकून झोपत होतो. मित्रांनी गादी देऊ केली, मी घेतली नाही.

बहिणीचा तो दुधाचा दात होता. आता पडला आहे आणि खालून नवा येतो आहे. फोनवर ती सांगते, "दादा, मी माझ्या सीटवर बसले की गाडी वाजतच नाही."