‘पुढे’ बटणाच्या आधी

बीड जिल्ह्यात मोबाइलवर अर्ज भरणं आता नवलाईचं राहिलेलं नाही. १५ ऑगस्ट २०२१ ला ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि सातबाऱ्यावरचा पेरा शेतकऱ्यानं स्वतः, रानात उभं राहून, फोटोसकट नोंदवायचा असं ठरलं. पावसानं पीक गेलं तर विम्यासाठी ७२ तासांच्या आत कळवावं लागायचं, आणि ते कळवायलाही अ‍ॅप होतं. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज नारीशक्ती दूत अ‍ॅपवर भरले गेले. योजना वेगळ्या, पण फॉर्मची बांधणी एकाच घाटाची: एका पडद्यावर दोन-चार प्रश्न, खाली ‘पुढे’चं बटण, मग पुढचा पडदा.

असे फॉर्म बांधणं हेच माझं काम. त्यातून एक गोष्ट पक्की पटली आहे. माणूस ‘पुढे’ दाबतो तेव्हा त्याची समजूत अशी असते की, आतापर्यंत सांगितलेलं नीट ठेवलं गेलं. ही समजूत खरी ठरवणं हे बांधणाऱ्याचं पहिलं काम आहे. रंग, चित्रं, सरकते पडदे सगळं त्यानंतर.

हे शिकवलं ते ऊसतोड कुटुंबांच्या नोंदणीच्या एका अ‍ॅपनं. धारूर, वडवणी, पाटोदा या डोंगरपट्ट्यातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. निघण्याआधी कुटुंबांची नोंद व्हावी, मागं राहणाऱ्या लेकरांची हंगामी वसतिगृहात सोय लागावी, बायकांची तब्येत तपासली जावी, म्हणून एका संस्थेनं ते करून घेतलं होतं. दुसऱ्यांनी बांधलेलं अ‍ॅप माझ्याकडं दुरुस्तीला आलं. तक्रार एका ओळीची होती: फोटो काढला की फॉर्म पुसला जातो.

कार्यालयातल्या फोनवर तसं काही होत नव्हतं. म्हणून कार्यकर्तीबरोबर तांड्यावर गेलो. तिच्या हातात दोन जीबी रॅमचा जुना फोन. घरासमोर पत्र्याची पेटी, गोणपाटात बांधलेली भांडी, दोरीनं आवळलेल्या गोधड्या. घरची बाई चुलीपाशी बसून उत्तरं देत होती. गाव झालं, माणसं झाली, लेकरांची नावं, वयं, इयत्ता झाली. मग कुटुंबाच्या फोटोसाठी कॅमेरा उघडला, फोटो निघाला, ‘ठीक’ दाबलं आणि समोर पुन्हा पहिला पडदा, कोरा.

“मावशी, परत एकदा सांगावं लागतंय.”

“समदं?”

“समदं.”

मावशींनी दुसऱ्यांदा सांगितलं, पण थोरल्या मुलीचं वय यावेळी वेगळं आलं आणि धाकट्याचं नाव राहूनच गेलं. या घोटाळ्यात मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. पुन्हा विचारलेली माहिती पहिल्याइतकी खरी येत नाही. माणूस कंटाळतो, उरकतं घेतो, आणि वसतिगृहाच्या यादीत एक लेकरू कमी होतं.

आता कारण. कॅमेऱ्याला मेमरी बरीच लागते. फोनमध्ये ती अपुरी असली की अँड्रॉइड मागं उभं असलेलं अ‍ॅप बंद करून टाकतं. फोटो घेऊन परत आल्यावर अ‍ॅप नव्यानं सुरू होतं, आणि भरलेली माहिती फक्त मेमरीत ठेवलेली असेल तर ती गेलेली असते. व्ह्यूमॉडेलमध्ये ठेवलं म्हणजे वाचलं, असं बरेच जण धरून चालतात. फोन आडवा केला तर ते टिकतं, पण अ‍ॅपची सगळी प्रोसेसच मारली गेली तर टिकत नाही. सेव्हड स्टेट टिकते, पण ती छोट्या गोष्टींसाठी. फोटो आणि लांबलचक याद्या त्यात कोंबल्या तर अ‍ॅपच कोसळतं. फ्लटर वापरणाऱ्यांसाठी इमेज पिकरमध्ये नेमकी याच प्रसंगासाठी ‘रिट्रीव्ह लॉस्ट डेटा’ नावाची सोय आहे. ती पाहिलेलीच नाही असे प्रोग्रामर मला अजून भेटतात.

उपाय एकच, आणि तो साधा आहे. प्रत्येक पायरीचं उत्तर मिळताक्षणी फोनमधल्याच डेटाबेसमध्ये लिहायचं, एसक्यूलाइट असो की रूम. ‘पुढे’ दाबेपर्यंतही थांबायचं नाही, रकाना सोडला की लिहायचं. आपण कितव्या पायरीवर आहोत तेही लिहायचं. कॅमेरा उघडण्याआधी लिहायचं, फोटो कुठल्या फाइलमध्ये येणार तेही आधीच लिहून ठेवायचं. आणि तपासताना डेव्हलपर ऑप्शन्समधलं ‘डोन्ट कीप अ‍ॅक्टिव्हिटीज’ चालू करून फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत भरायचा. तेवढ्यावर न थांबता मध्येच अ‍ॅपची प्रोसेस मारून पाहायची, कारण त्या एका सेटिंगनं प्रोसेस मरत नाही. ही तपासणी झाल्याशिवाय मी आता कुठलाही फॉर्म हातावेगळा करत नाही.

‘मागे’चं बटण हे दुसरं दुखणं. फोनचं मागं जायचं बटण दाबल्यावर एक पायरी मागं जावं ही लोकांची साधी अपेक्षा असते. त्या अ‍ॅपमध्ये थेट फॉर्मच बंद व्हायचा. मागं गेल्यावर आधीचं उत्तर जसंच्या तसं दिसलं पाहिजे, आणि दुरुस्त करून पुढं आल्यावर मधल्या पायऱ्या कोऱ्या होता कामा नयेत. अपवाद एकच. तालुका बदलला तर गाव पुसावंच लागतं, पण तसं सांगून पुसा.

पायऱ्यांचा क्रम कुठून घ्यायचा? बहुतेक फॉर्ममध्ये तो डेटाबेसच्या तक्त्यांवरून येतो. तो बोलण्याच्या ओघावरून घ्यावा. तांड्यावर माणसं आधी घरात कोण कोण ते सांगतात, मग कोण जाणार, कोण मागं राहणार, मग टोळी नेणारा मुकादम, मग कारखाना. त्या अ‍ॅपच्या फॉर्ममध्ये कारखाना दुसऱ्याच पायरीवर आणि तोही सक्तीचा होता. पुष्कळांचं तेव्हा ठरलेलंच नव्हतं. मग कार्यकर्त्या यादीतला पहिला कारखाना टेकवून पुढं जायच्या. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. उत्तर नसताना उत्तर सक्तीचं केलं की खोटी माहिती गोळा होते, आणि ती खोटी आहे हे नंतर कुणालाच ओळखू येत नाही. ‘अजून ठरलेलं नाही’ हा पर्याय घातला तेव्हा कुठं यादीवर विसंबता येऊ लागलं.

किती माणसं जाणार या प्रश्नाचंही तसंच. इथं हिशेब कोयत्यावर चालतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा. ‘कामगार संख्या’ असा रकाना ठेवला तर कुणी एक लिहितो, कुणी दोन, आणि दोघांचंही कुटुंब सारखंच असतं. विचारताना लोकांच्या हिशेबानं विचारा, माणसं अ‍ॅपला मोजू द्या. ई-पीक पाहणीतही शेतकरी एकर-गुंठ्यात बोलतो आणि सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. एक एकर म्हणजे ४०.४७ आर, हे गणित बांधावर उभ्या माणसाकडून करून घेऊ नये. त्यानं दीड एकर लिहावं, खाली ०.६१ हेक्टर असं दिसावं. आणि अंक २ असा देवनागरीत आला म्हणून ‘चुकीची माहिती’ असा लाल शेरा मारणारा फॉर्म मराठी मुलखात चालवूच नये. दोन्ही लिपींतले अंक घ्या, आत एकाच रूपात साठवा.

एका पडद्यावर एकच गोष्ट विचारावी, असं ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळाची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात आणि जगभर ते मानलं जातं. आयुष्यात एकदाच तो फॉर्म भरणाऱ्या माणसासाठी ते उत्तम आहे. दिवसभर घरोघर फिरून तोच फॉर्म भरणाऱ्या कार्यकर्तीसाठी मात्र प्रत्येक प्रश्नाला एक ‘पुढे’ म्हणजे जाच होतो. तिला एकमेकांना लागून असलेले प्रश्न एकत्र हवे असतात. भरणारा कोण हे ठरवल्याशिवाय पायऱ्या पाडू नका. शिवाय भरणारा आणि ज्याची नोंद आहे तो, हे दोघं बऱ्याचदा वेगळे असतात. रब्बीची ज्वारी शिवारात उभी असते तेव्हा तिचा मालक कोल्हापूरकडं कोपीत, म्हणजे झोपडीत, राहत असतो. पीक पाहणीची नोंद गावातला भाऊ करतो. अशा वेळी ओटीपी मालकाच्या फोनवर जात असेल तर नोंद अडते, कारण मालक उसाच्या फडात. म्हणून ओटीपी शेवटच्या पायरीवर अडसरासारखा ठेवू नका. लागत असेल तर सुरुवातीला घ्या, नाहीतर तेवढीच पायरी नंतर पुरी करता येईल अशी सोय ठेवा.

आरोग्याच्या पायरीबद्दल मला सगळ्यात कळकळीनं सांगायचं आहे. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेव्हापासून या भागातल्या पाहणीत शस्त्रक्रियेचा प्रश्न असतोच, आणि असायलाही हवा. पण तो विचारताना शेजारी कोण उभं आहे हे फॉर्मला दिसत नाही. नवरा असतो, सासू असते, कधी मुकादमही. अशा प्रश्नाची पायरी सुटी ठेवावी, बाकीचा फॉर्म पुरा झाला तरी ती नंतर, बाई एकटी असताना भरता यावी. ‘सांगायचं नाही’ हे उत्तर पूर्ण उत्तर मानावं. आणि इथंच माझ्या आधीच्या सल्ल्याला मुरड घालावी लागते. सगळं लगेच साठवा म्हटलं, पण फोन घरातल्या चार जणांच्या हातात फिरतो. अर्धवट फॉर्म उघडला की बाईचं उत्तर दुसऱ्याला दिसणार. म्हणून या पायरीचा मजकूर सांकेतिक रूपात, म्हणजे एन्क्रिप्ट करून साठवा, अ‍ॅपला पिन ठेवा, मागं आल्यावर उत्तर झाकलेलं दाखवा आणि सर्व्हरला पोचलं की फोनवरून पुसा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी हे करायलाच हवं होतं.

पाठवण्याचं थोडक्यात. बालाघाटाच्या घड्यांत रेंज येते-जाते. फॉर्म सुरू होतानाच फोनवर त्याला एकमेव ओळख क्रमांक द्या, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरनं नवी नोंद करू नये. नाहीतर ‘पाठवा’ तीनदा दाबलं की तीन कुटुंबं होतात. फोटो फोनवरच लहान करा आणि मजकुरामागून पाठवा. नेट आलं की पाठवायचं काम वर्कमॅनेजरवर सोपवा.

शेवटच्या पडद्याकडं सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. हिरवी खूण आणि ‘धन्यवाद’, संपलं. भरणाऱ्याला हवं असतं ते वेगळं: नोंद फोनमध्येच आहे की पोचली, नोंदणी क्रमांक काय, चूक राहिली तर कुणाकडं जायचं. ‘फोनमध्ये ठेवली आहे’ आणि ‘पोचली’ ही दोन वाक्यं वेगवेगळी लिहा, एकाच खुणेत गुंडाळू नका. क्रमांक थोड्या अंकांचा ठेवा आणि मोठ्या अक्षरात दाखवा, कारण तो वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला जातो. ई-पीक पाहणीत नोंद ४८ तासांत दुरुस्त करता येते, ही सोय चांगली आहे. तशी मुदत तुमच्याही फॉर्मला असेल तर नुसते तास लिहू नका. कोणत्या वारी, किती तारखेला, किती वाजेपर्यंत दुरुस्ती करता येईल ते अ‍ॅपनं मोजून त्या पडद्यावर लिहावं.