गिलावा होण्याआधी

चि. ओंकार,

घराचे फोटो मिळाले. तुझ्या मामीने आणि मी दोनदा पाहिले. चिऱ्याच्या भिंती वाशांपर्यंत आल्यात आणि पाइपांसाठी अजून कुठेही झिरी मारलेली दिसत नाही, म्हणजे वेळ गेलेली नाही. तुझा वायरमन म्हणतो, "आधी गिलावा उरकू, फिटिंग वरून पट्टी मारून करू, नेट काय हल्ली वायफायवर चालतं." त्याचं ऐकू नकोस. हे फोनवरही सांगितलं असतं, पण कागद खिशात ठेवून कामावर नेता येतो, म्हणून लिहायला बसलो.

टेलिफोनच्या केबली जोडण्यात माझी तीस वर्षं गेली. माझ्या डोळ्यांदेखत तांब्याची जोडी गेली आणि काचेचा धागा आला. कौलांवरचा अँटेना गेला, केबल आली, मग डिश आली, आता टीव्हीसुद्धा नेटवरच दिसतो. आज टाकलेल्या वायरी पंधरा वर्षांनी तू उपसून टाकशील, पण त्यासाठी भिंत काही कोणी पुन्हा फोडत नाही. म्हणून वायर कुठली घ्यायची हे नंतर बघू, पाइप कुठून कुठे न्यायचे ते आधी ठरव.

लाइटचे पाइप वेगळे, नेट आणि टीव्हीचे वेगळे. दोन्ही शेजारून न्यावेच लागले तर मध्ये फूटभर अंतर ठेव, एकमेकांना ओलांडताना काटकोनात ओलांडू दे. माझ्या घरी घाई झाली म्हणून मी फोनची आणि लाइटची वायर एकाच पाइपातून ओढू दिली होती. विहिरीवरचा पंप लागला की फोनमध्ये घुंईऽ आवाज यायचा. आवाजाचं एवढं नाही. आतल्या आत आवरण घासलं असतं, तर रिसीव्हर धरणाऱ्याच्या हातात 230 व्होल्ट आले असते. तेव्हा तुझी मामेबहीण चार वर्षांची होती आणि तिला फोन उचलायची फार हौस. महिन्याभरात मी तो पाइप वेगळा केला.

आता नेट. तुझं काम घरातून चालणार, तेव्हा फायबरच घे. गावात फायबर कुठवर आलंय ते आधी ग्रामपंचायतीत विचार. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना 2011 मध्ये मंजूर झाली, तिलाच पुढे भारतनेट म्हणू लागले. जिओ, एअरटेल, बीएसएनएल किंवा गावचा केबलवाला, यांपैकी ज्याचा माणूस तक्रार केल्यावर दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन येतो, त्याचं कनेक्शन घे. शेजारच्या चार घरांत चौकशी केलीस की कळेल. स्पीडच्या आकड्यांच्या मागे धावू नकोस. मोठ्या टीव्हीवरच्या अगदी सुस्पष्ट चित्रालाही 25 एमबीपीएस पुरतात. डाउनलोडपेक्षा अपलोडचा आकडा विचार, कारण मीटिंगमध्ये तुझा चेहरा आणि आवाज पलीकडे जातो तो अपलोडवर. एअरफायबर, म्हणजे टॉवरवरून येणारं नेट, फायबर नसेल तरच घे. आपल्याकडे माड, आंबे आणि डोंगर टॉवरच्या आड येतात.

फायबरचा एक गुण लोकांच्या लक्षात येत नाही. एक्स्चेंजपासून तुझ्या घरापर्यंत मध्ये कुठेही त्याला वीज लागत नाही. रस्त्यावरच्या डब्यांत असते ती नुसती काच. म्हणून अख्ख्या वाडीची लाइट गेली तरी घरातल्या डब्याला वीज मिळाली की नेट चालू. त्या डब्याचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यायला आजच सांग, एरवी हे नेमकं विसरलं जातं.

घरात शिरताना फायबरला एल्बो नको, मोठ्या गोलाईचा बेंड वापर. काचेचा धागा जास्त वाकवला की दर वेळी मोडतोच असं नाही, पण प्रकाश बाहेर निसटतो, नेट रडत चालतं आणि दोष कुठे आहे ते महिनोन्‌महिने सापडत नाही. आणखी एक. पोलावरून येणाऱ्या त्या काळ्या वायरीत बहुधा काचेला आधार म्हणून पोलादी तार असते. काचेतून वीज येत नाही, पण त्या तारेतून येते. ती तार बाहेर ओटीवरच छाटायची आणि आत फक्त काच घ्यायची. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात आपल्याकडे कशा विजा पडतात ते मी तुला सांगायला नको.

वायफाय चिऱ्याच्या नऊ इंची भिंतीतून जेमतेम एकदा पार होतं. राउटर माजघरात, उंचावर ठेव. तिथून पडवीपर्यंत आणि तुझ्या माळ्यावरच्या खोलीपर्यंत कॅट-6 वायर टाकून दोन्हीकडे वायफायचा एकेक छोटा डबा बसव. टीव्हीलाही वायरच लाव. टीव्ही असेल तिथे भिंतीत कॅट-6, डिशची आरजी-6, तीन-चार थ्री-पिन प्लग, आणि नायलॉनची दोरी घालून ठेवलेला एक रिकामा पाइप. दोरी असली की उद्या काहीही ओढता येतं. डिश काढून टाकू नकोस. झाड पडून फायबर तुटलं तर तुझ्या आजीची संध्याकाळची मालिका बुडायला नको. मुसळधार पावसात डिश रुसते खरी, पण तेव्हा फायबर असतं.

आणि आता ज्यासाठी मी खरं म्हणजे हे पत्र लिहितोय ते. लहानपणी तू आजोळी टीव्हीमागची केबल लावत होतास आणि हात झटकून म्हणालास, "मामा, मुंग्या चावल्या." आम्ही सगळे हसलो. दुसऱ्या दिवशी मी तो प्लग उघडला. बाहेर तीन भोकं, आत दोनच वायरी. वरच्या मोठ्या भोकाला हिरवी वायर जोडलेलीच नव्हती. घरभर तेच. त्या मुंग्या टीव्हीच्या आतल्या फिल्टरमधून झिरपणाऱ्या किंचित विजेच्या होत्या. तिला जमिनीत जायला वाट नव्हती, म्हणून ती तुझ्यातून गेली. त्या दिवशी गीझर नादुरुस्त असता आणि तू ओल्या हाताने नळ धरला असतास तर काय झालं असतं, हा विचार मला अजून झोपेतून उठवतो.

तेव्हा अर्थिंग. जांभ्यात ते सहज लागत नाही, खडक कोरडा असतो. घराच्या मागे, न्हाणीचं पाणी केळींना जातं तिथे, भिंतीपासून पाच फूट सोडून खड्डा घे, विहिरीपासून मात्र लांब. रोध 5 ओहमच्या आत यायला हवा, नाही आला तर दुसरा खड्डा. कोणी न्यूट्रललाच अर्थ जोडून देतो म्हणाला तर त्याला त्याच दिवशी कामावरून काढ. न्यूट्रल कुठे सुटला तर फ्रिजपासून मिक्सरपर्यंत प्रत्येक पत्रा जिवंत होईल.

डीबीमध्ये 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला आरसीसीबी वाचवतो. इन्व्हर्टर जोडला की आरसीसीबी सारखा पडायला लागतो, मग वायरमन तो काढूनच टाकतात. दोष बहुतेक वेळा दोन लाइनींचे न्यूट्रल एकत्र झाल्याचा असतो, ते सोडवायला अर्धा दिवस लागतो. तो अर्धा दिवस त्याला दे. दिव्यांना दीडची वायर, प्लगना अडीचची, गीझर आणि एसीला चारची. तू थ्री-फेज घेतोयस, तर व्होल्टेज वाढल्यावर लाइन तोडणारं यंत्रही बसव. वादळात पोलावरचा न्यूट्रल तुटला तर प्लगला 400 पर्यंत व्होल्टेज येऊ शकतं.

मी रविवारी सकाळच्या एसटीने येतो. अर्थ टेस्टर आणि खडू घेऊन येईन, झिऱ्या कुठे मारायच्या ते दोघं मिळून आखू. तोवर गवंड्याला गिलावा थांबवायला सांग. पाइप झाकण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढायचा आहे, तेव्हा फोन चार्ज करून ठेव. आजीला नमस्कार सांग.

तुझा,
मामा