विस्मरण गृहीत धरून प्रशिक्षण : गुलाबी बोंडअळीच्या सर्वेक्षणाचे उदाहरण

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीची ओळख व सर्वेक्षण यांविषयीचे प्रशिक्षण अनेक ठिकाणी पेरणीच्या सुमारास, जून महिन्यात घेतले जाते. डोमकळ्या शोधण्याची वेळ मात्र पीक फुलोऱ्यात आल्यावर येते आणि हिरवी बोंडे फोडून पाहण्याची त्याहूनही नंतर. मधल्या काळात शिकलेल्या कौशल्याचे काय होते, याचा विचार प्रशिक्षणाची आखणी करताना क्वचितच होतो.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्मृतीविषयीचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगटांच्या याद्या त्यांनी स्वतः पाठ केल्या आणि काही काळाने त्या पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात, हे मोजले. विस्मरण प्रारंभी अतिशय वेगाने होते व नंतर मंदावते, तसेच एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा दिवसांच्या अंतराने केलेली उजळणी अधिक फलदायी ठरते, असे त्यांना आढळले. शेतीचे ज्ञान अर्थपूर्ण असल्याने ते अधिक टिकते, हे खरे. पण वापराविना तेही झिजते.

याचा प्रत्यय मला स्वतःच्या चुकीतून आला. संशोधनाच्या सुरुवातीच्या काळात एका शेतात मी हिरवी बोंडे बाहेरून न्याहाळली आणि छिद्रे न दिसल्याने पीक निरोगी असल्याचे सांगितले. तेथे निंदणी करणाऱ्या एका मावशींनी काही न बोलता एक बोंड फोडून माझ्यापुढे धरले. आत अळी होती. अंड्यातून निघालेली अळी लवकरच बोंडात शिरते व तिचे प्रवेशछिद्र बुजते, हे मी परीक्षेत अचूक लिहिले होते. शेतात मात्र ते आठवले नाही. त्या दिवसापासून बोंड फोडल्याशिवाय मी मत दिलेले नाही.

चुकांचे दोन प्रकार

पहिली चूक समजुतीची. लहान अवस्थेतील अळी पांढुरकी असते. गुलाबी रंग नंतर येतो. केवळ गुलाबी अळीचे चित्र पाहिलेला शेतकरी पांढुरकी अळी पाहून ‘ही ती नव्हे’ असे ठरवतो. अशी चूक सूचना देऊन जात नाही. दोन्ही अवस्था शेजारी ठेवून दाखवाव्या लागतात.

दुसरी चूक विसराची. कामगंध सापळ्यातील ल्यूर मुदतीत बदलायचे राहते, पतंग सापडत नाहीत आणि कीड नाही असा समज होतो. येथे ज्ञान असते, आठवण नसते. यावर पुन्हा व्याख्यान देणे व्यर्थ आहे. सापळ्यावरच ल्यूर लावल्याची तारीख लिहिणे हा उपाय आहे.

प्रशिक्षणाची फेरआखणी

१. जूनमधील एका दीर्घ वर्गाऐवजी पाते, फूल व हिरवे बोंड या तीन अवस्थांत शेतातच लहान वर्ग घ्यावेत.

२. प्रत्येक वर्गाचा आरंभ प्रश्नाने करावा. ‘मागील वेळी आपण काय पाहिले?’ असे विचारून थांबावे. आठवण्याच्या प्रयत्नानेच स्मृती दृढ होते. उत्तर लगेच सांगितल्यास ही संधी जाते.

३. शेतकऱ्यांना स्वतः २० हिरवी बोंडे विखुरलेल्या झाडांवरून तोडून फोडू द्यावीत. दोन बोंडांत जिवंत अळ्या आढळल्या, तर प्रादुर्भाव १० टक्के, म्हणजे आर्थिक नुकसानीच्या पातळीवर आहे, हा हिशेबही त्यांनीच करावा.

४. चूक झाल्यास तेथेच, त्याच बोंडावर दुरुस्त करावी. चुकणाऱ्यास चारचौघांत हसू देऊ नये. लाजेने गप्प बसलेला माणूस पुढील वेळी विचारत नाही.

५. सलग तीन रात्री प्रतिसापळा ८ पतंग आणि १० टक्के प्रादुर्भाव, या मर्यादा स्मरणावर न सोडता नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून द्याव्यात.

शेतकरी विसरला, की आपण त्याला निष्काळजी म्हणतो. परंतु त्या विसराची किंमत त्याला अनावश्यक फवारणीत किंवा कवडी कापसात मोजावी लागते. विसरणे हा मनाचा स्वभाव आहे. त्याला धरून प्रशिक्षणाचे वेळापत्रक आखणे, ही विस्तार कार्यकर्त्यांची आणि आम्हा संशोधकांची जबाबदारी आहे.