स्प्रिंगचे डंबेल आणि सूर्यनमस्कार

व्यायामाची यंत्रे ही आजकालची कल्पना नव्हे. स्टॉकहोमच्या गुस्ताव झांडर या वैद्याने १८६५ च्या सुमारास तरफा व वजने यांवर चालणारी यंत्रे रचली. काही तर वाफेवर चालत आणि माणूस नुसता बसून राही!

युजेन सँडो (१८६७–१९२५) याची साधने त्यामानाने साधी होती. त्याच्या डंबेलची दोन उभी शकले असत व मध्ये स्प्रिंगा बसविलेल्या असत. मूठ सैल पडताच शकले दूर होत. त्यामुळे लक्ष स्नायूंवर खिळून राही. हा विचार खोटा नव्हता. खोटा होता तो ग्राहकाचा भरवसा. सँडोचे स्वतःचे शरीर जड वजने उचलून घडलेले होते.

औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १८९७ मध्ये सँडोची उपकरणे व पुस्तके घेतली आणि सुमारे दहा वर्षे नेमाने त्याबरहुकूम व्यायाम केला. पुढे मात्र ते सूर्यनमस्कारांकडे वळले. त्यांना लागते ती अंगाएवढी जागा. रबर विटण्याची वा स्प्रिंग ढिली होण्याची धास्ती नाही. संस्थानातील शाळांतूनही त्यांनी ते सुरू केले. अर्थात, आरोग्य व दीर्घायुष्य यांविषयीचे त्यांचे मोठे दावेही आज जसेच्या तसे स्वीकारता येणार नाहीत.

मद्रास (आजचे चेन्नई) येथे १९२० मध्ये हॅरी क्रो बक यांनी वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण विद्यालय स्थापन केले. तेथे यंत्रे विकली जात नसत, शिक्षक घडविले जात. त्या विद्यालयातून बाहेर पडलेले विद्यार्थी देशभरच्या शाळांत व्यायामशिक्षक म्हणून गेले.