उपचाराचा पडताळा : तंजावरची नेत्र-टिपणे आणि दातांची तार

तंजावरच्या भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी राजे (१७७७–१८३२) हे १७९८ साली गादीवर आले. पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला व राजांकडे तंजावरचा किल्ला आणि त्याच्या आसपासचा थोडा मुलूख एवढेच उरले. राज्यसत्ता गेली, तथापि विद्येचा व्यासंग सुटला नाही. सरस्वती महाल ग्रंथालयाची त्यांनी केलेली वाढ सर्वश्रुत आहे. त्याचबरोबर ‘धन्वंतरी महाल’ या संस्थेत देशी व पाश्चात्त्य वैद्यकाचा अभ्यास त्यांनी शेजारी शेजारी चालविला, ही गोष्ट मात्र तितकीशी परिचित नाही.

सरस्वती महालात जतन झालेल्या कागदांमध्ये ४४ नेत्ररोग्यांची टिपणे सापडली आहेत. त्यांतील बहुतेक रोगी मोतीबिंदूचे होते. रोग्याची तक्रार, शस्त्रक्रियेपूर्वीची डोळ्याची अवस्था, केलेला उपचार व त्यानंतरची प्रगती यांची नोंद त्यांत असून सोबत डोळ्यांची रंगीत चित्रेही आहेत. छायाचित्रणाची कला अद्याप प्रचारात यावयाची होती, हे ध्यानात घेता या चित्रांचे मोल कळते. रोग्याची पूर्वस्थिती आणि उत्तरस्थिती कागदावर उतरवून ठेवल्यावाचून उपचाराचा पडताळा घेता येत नाही, हे तत्त्व या टिपणांच्या मुळाशी आहे.

आता हेच तत्त्व वैद्यकाच्या दुसऱ्या एका शाखेस लावून पाहू. वेडेवाकडे किंवा पुढे आलेले दात तार लावून सरळ करणे हा उपचार आज शहरोशहरी होतो. दात हाडात खिळ्यासारखा घट्ट रुतलेला नसतो. त्याचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये तंतूंचा सुमारे पाव मिलीमीटर जाडीचा पडदा असतो. तारेचा हलका परंतु सतत दाब पडला, की ज्या बाजूस दाब पडतो तेथील हाड विशिष्ट पेशी झिजवितात आणि विरुद्ध बाजूस दुसऱ्या पेशी नवे हाड घालतात. अशा रीतीने दात महिन्यास साधारण एक मिलीमीटर या मंद गतीने सरकतो. म्हणूनच या उपचारास वर्ष-दोन वर्षे लागतात. मुलाला इतका काळ तार वागवावी लागते आणि पालकांना खर्च सोसावा लागतो. तेव्हा त्यापासून निश्चित लाभ किती, हा प्रश्न केवळ पंडितांच्या चर्चेचा राहत नाही.

पहिली पायरी अर्थातच पूर्वस्थितीच्या नोंदीची. दातांचे प्लास्टरचे ठसे, छायाचित्रे आणि डोक्याची बाजूने घेतलेली क्ष-किरण प्रतिमा या त्या नोंदी होत. अशी क्ष-किरण प्रतिमा ठराविक अंतरावरून व ठराविक स्थितीत घेण्याची पद्धत १९३१ साली अमेरिकेत ब्रॉडबेंट व जर्मनीत होफ्राथ यांनी स्वतंत्रपणे मांडली. त्यामुळे एकाच मुलाच्या दोन वेळच्या प्रतिमा एकमेकींवर ठेवून पाहणे शक्य झाले. दुसरी पायरी समान मापाची. ‘दात चांगले झाले’ हे शब्द प्रत्येकाच्या तोंडी निराळा अर्थ धारण करतात. म्हणून १९९२ साली ब्रिटनमध्ये एक गुणांकपद्धती प्रसिद्ध झाली. तीत ठशांवरून दोषाचे गुण मोजतात आणि ते निदान ३० टक्क्यांनी उतरले तरच ‘सुधारणा’ मानतात.

येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात घेतला पाहिजे. पिकलेला मोतीबिंदू आपोआप निवळत नाही. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर रोग्यास दिसू लागले, तर ते श्रेय शस्त्रक्रियेचेच, असे तंजावरच्या एकेका टिपणावरूनही म्हणता येते. वाढत्या मुलाच्या जबड्याची गोष्ट निराळी. तो उपचाराविनाही बदलत असतो. तार लावलेल्या मुलाचा खालचा जबडा वाढला, तर तो तारेमुळे वाढला की वयामुळे? केवळ आधीच्या व नंतरच्या नोंदी ठेवून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी उपचार न केलेल्या, पण तशाच मुलांचा दुसरा गट हवा, आणि कोणते मूल कोणत्या गटात जावे हे वैद्याच्या मर्जीने न ठरता चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने ठरावयास हवे.

असा एक प्रयोग ब्रिटनमध्ये झाला. वरचे दात ७ मिलीमीटर किंवा अधिक पुढे आलेली ८ ते १० वर्षे वयाची १७४ मुले त्यात होती. काहींना लगेच उपचार मिळाला, तर उरलेल्यांना थांबविण्यात आले. प्रथम लगेच उपचार झालेल्या मुलांचे दात मागे गेले आणि त्यांचा आत्मविश्वासही वाढलेला दिसला. परंतु पुढे दुसऱ्या गटासही योग्य वयात उपचार मिळाल्यावर, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अंतिम निष्कर्षांत जबड्याच्या ठेवणीत वा आत्मविश्वासात दोन्ही गटांमध्ये फरक उरला नाही. लवकर सुरुवात केलेल्यांचा उपचार मात्र अधिक काळ चालला व त्यांना अधिक खेपा घालाव्या लागल्या. अशा अनेक प्रयोगांच्या एकत्रित परीक्षणात लवकर उपचाराचा एक लाभ आढळला, तो हा की पुढे आलेले दात पडझडीत दुखावण्याचे प्रमाण कमी होते. म्हणजे घाई सर्वस्वी व्यर्थ नव्हे, पण ती प्रत्येकास आवश्यकही नव्हे.

शेवटची पायरी दीर्घकाळ पाठपुराव्याची. १९८१ साली अमेरिकेतील लिट्ल व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपचार संपून दात धरून ठेवणारे साधन काढल्यास किमान दहा वर्षे झालेल्या ६५ जणांचे ठसे तपासले. सुमारे दोनतृतीयांश जणांचे खालचे पुढील दात पुन्हा असमाधानकारक झाले होते. सारा दोष उपचाराचाच असे मात्र नव्हे. वयाबरोबर हे दात दाटीने बसू लागणे, कधीही तार न लावलेल्या माणसांतही आढळते. यावरून तार काढल्यावरही रिटेनर दीर्घकाळ वापरण्याचा आग्रह वैद्य का धरतात, हे उमजते.

तंजावरच्या टिपणांत तुलनेचा गट नाही. त्या काळी तशी पद्धत रूढ झालेली नव्हती. तरीही, रोग्यास घरी पाठविले म्हणजे काम संपत नाही, त्याचे पुढे काय झाले हे लिहून ठेवावे लागते, ही शिस्त त्यांत स्पष्ट दिसते. दातांच्या शास्त्राने त्या शिस्तीला समान माप, तुलना आणि धीर यांची जोड दिली. कोणत्याही उपचाराची थोरवी ऐकताना विद्यार्थ्याने चार प्रश्न मनाशी ठेवावेत : आधीची नोंद आहे काय, मोजले कशाने, तुलना कोणाशी केली, आणि किती वर्षे पाहिले?