पुरात एक झालेली माणसं यादीवरून का भांडतात?

प्रश्न : २०१९च्या महापुरात आमच्या भागात लोकांनी जातधर्म न बघता एकमेकांना बाहेर काढलं. पाणी ओसरलं, पंचनामे सुरू झाले आणि त्याच लोकांत मदतीच्या यादीवरून कटुता आली. जिथे आधीपासून युद्धच चालू असतं, तिथे आपत्तीनंतर काय होत असेल? शांततेसाठी काम करणारी माणसं अशा वेळी नेमकं काय करतात? – एक वाचक, सांगली

उत्तर : २६ डिसेंबर २००४ची त्सुनामी इंडोनेशियाच्या आचे प्रांतावर आदळली, तशीच श्रीलंकेवरही. दोन्हीकडे कित्येक वर्षांचा सशस्त्र संघर्ष होता. आचेमध्ये आठ महिन्यांच्या आत शांतता करार झाला. श्रीलंकेत २००६ साली पुन्हा युद्ध पेटलं.

श्रीलंकेची हकिकत वाचताना जीव तुटतो, कारण सुरुवात तुमच्या सांगलीसारखीच झाली होती. तीस हजारांहून अधिक माणसं गेली आणि सिंहली गावांतून तमिळ पूर्वेकडे अन्न-कपड्यांचे ट्रक निघाले. मग पैसा आला आणि तो वाटायचा कुणी, हा प्रश्न उभा राहिला. जून २००५मध्ये सरकार आणि त्याच्याशी लढणारी ‘तमिळ वाघ’ ही बंडखोर संघटना यांनी मदतवाटपाच्या संयुक्त यंत्रणेच्या करारावर सह्या केल्या. जेव्हीपी हा पक्ष त्यावरून सरकारबाहेर पडला. अंपारा जिल्ह्यात सर्वांत जास्त बळी गेले होते, तिथली मुस्लिम वस्ती मोठी. पण सह्या करणाऱ्यांत मुस्लिम नव्हतेच. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाच्या तरतुदींना स्थगिती दिली आणि यंत्रणा कागदावरच राहिली.

त्यात किनाऱ्यालगत बांधकामबंदी आली : दक्षिण-पश्चिमेला १०० मीटर, उत्तर-पूर्वेला २०० मीटर. रात्री होडी-जाळ्यावर नजर ठेवायची तर कोळ्याला घर पाण्याजवळ लागतं. आपल्याच वाट्याला दुप्पट अंतर का, हा तमिळ आणि मुस्लिम कोळ्यांचा सवाल रास्तच होता. अशा एकेका नियमातून जुना अविश्वास पुन्हा वर येतो.

आचेत त्सुनामीने शांतता आणली असं म्हटलं जातं, ते अर्धंच खरं आहे. सरकार आणि तिथले बंडखोर यांच्यातल्या वाटाघाटींची जुळवाजुळव लाट येण्याआधीच सुरू होती. लाटेनंतर बंडखोरांनी लगेच युद्धबंदी जाहीर केली, स्वातंत्र्याची मागणी सोडली आणि फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टी अहतिसारी यांच्या मध्यस्थीने १५ ऑगस्ट २००५ रोजी हेलसिंकीत करार झाला. वर्षअखेरपर्यंत बंडखोरांनी ८४० शस्त्रं जमा केली. इरवांडी युसुफ हा बंडखोर नेता लाटेच्या वेळी बांदा आचेच्या तुरुंगात होता. छत फोडून तो वाचला आणि २००६च्या निवडणुकीत त्याच प्रांताचा गव्हर्नर झाला.

गावपातळीवर तिथे पांगलिमा लाओत ही कोळ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची व्यवस्था होती. मासेमारीचे नियम ठरवणारे, तंटे सोडवणारे हे गावोगावचे प्रमुख. होडी कुणाची होती, तिच्यावर कोण राबत होतं, हे त्यांना ठाऊक होतं. मदत म्हणून बाहेरून आलेल्या काही होड्या तिथल्या समुद्रात चालण्याजोग्याच नव्हत्या. आधी या प्रमुखांना विचारलं असतं तर ते टळलं असतं. तरी आचेतही एक सल राहिलाच. किनाऱ्यावर एक लाखाहून जास्त घरं उभी राहिली, पण डोंगराकडच्या युद्धपीडितांच्या हाती त्या मानाने फारच थोडं पडलं.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. शांतिकार्यकर्त्यांचं बरंचसं काम फार साधं दिसतं. यादी सगळ्यांसमोर, सगळ्यांच्या भाषेत वाचली जाते का? वाटपाची जागा अशी आहे का, की दुसऱ्या समाजाची बाई तिथे न घाबरता येईल? कंत्राट एकाच गटाच्या माणसाकडे जातंय का? छावणीत अफवा उठली की ती त्याच दिवशी दोन्हीकडे जाऊन पडताळणारं कुणी आहे का? नॉनव्हायलंट पीसफोर्स या संस्थेचे निःशस्त्र कार्यकर्ते २००३पासून श्रीलंकेत होते. दोन्ही बाजूंना ठाऊक असलेला तटस्थ माणूस नुसता हजर असला तरी हात उगारणारा विचार करतो. विनोबांच्या भूदानातून प्रेरणा घेतलेल्या ए. टी. अरियरत्ने यांची सर्वोदय श्रमदान चळवळ तर १९५८पासून गावागावांत रुजलेली होती. म्हणूनच ती त्सुनामीनंतर तडक कामाला लागू शकली. युद्ध मात्र त्यांनाही थांबवता आलं नाही. वरच्या पातळीवरचा निर्णय फिसकटला की खालच्या माणसांची ताकद अपुरी पडते, हे मान्य करायला हवं.

असं काम आपल्याकडेही झालं आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात स्वयं शिक्षण प्रयोग संस्थेने गावातल्याच बायकांना ‘संवाद सहाय्यक’ म्हणून उभं केलं. हप्ता कधी मिळतो, तो कशावर खर्च व्हायला हवा, भूकंपात टिकणारी भिंत कशी बांधायची, हे त्या घरोघर समजावत. काम नीट होतंय का, तेही बघत. पुढे २००१मध्ये लातूर-उस्मानाबादकडच्या बायका कच्छमध्ये गेल्या आणि तिथल्या भूकंपग्रस्त बायकांशी बोलल्या. सोसलेल्या बाईचा शब्द अधिकाऱ्याच्या शब्दाहून लवकर पटतो.

तुमच्या भागातही हे करता येईल, आणि पूर येण्याआधीच. प्रत्येक आळीतल्या, प्रत्येक समाजातल्या चार-पाच माणसांनी, त्यांत निम्म्या बायका, एकत्र बसून कोणत्या घरात कोण राहतं हे लिहून ठेवा. भाडेकरू त्यात घ्याच. घर नावावर नसलेला माणूस बहुतेक वेळा यादीतून सुटतो. तलाठी पंचनाम्याला आले की ही वही घेऊन सगळे मिळून त्यांच्यासोबत फिरा, आणि यादी अंतिम होण्याआधी चौकात मोठ्याने वाचून दाखवायची मागणी करा.