स्वमग्न मुलांविषयीचे गैरसमज व शिक्षकाचे कर्तव्य



पहिलीच्या वर्गात एखादे मूल असे येते, की ज्याच्याविषयी गावाचे मत शाळेच्या आधीच ठरून गेलेले असते. ते हाकेला ओ देत नाही; बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत नाही; इतर मुले लंगडी खेळत असता ते एका कडेला बसून खडे ओळीने मांडीत राहते. शेजारीपाजारी त्याला ‘बयाड’ म्हणतात. कोणी बाहेरची बाधा सांगतो, कोणी आईच्या वळणाला बोल लावतो. खेड्यात या सर्वांच्या मतापेक्षा शिक्षकाच्या शब्दाला अधिक वजन असते. म्हणून असे मूल वर्गात आले असता त्याला कसे समजून घ्यावे आणि त्याच्याविषयी काय बोलावे, याचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे.

माझी एक चूक

इतरांना सांगण्यापूर्वी स्वतःची चूक सांगणे मला उचित वाटते. सुमारे तीस वर्षांपूर्वी, सेवेच्या आरंभी, माणिकगडच्या डोंगराखालील एका लहान गावी पहिली-दुसरीचा वर्ग माझ्याकडे होता. त्यात सात वर्षांचा एक मुलगा होता. एके दिवशी वर्गात गलका झाला तेव्हा मी नेहमीची आज्ञा दिली, “हाताची घडी, तोंडावर बोट.” सर्व मुले गप्प झाली. या मुलाने मात्र हातांची घडी घातली, मग ती सोडून तोंडावर बोट ठेवले, घडी मोडली असे पाहून पुन्हा घडी घातली. असे चार-पाच वेळा झाले. मुले हसू लागली. तेव्हा त्याने मला विचारले, “घडी का बोट?”

तो माझी थट्टा करीत आहे असे समजून मी त्याला चापट मारली. त्याने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि तो किंचाळत बाहेर पळाला. सायंकाळी त्याच्या वडिलांना मी सांगितले, “मुलगा उद्धट आहे, आणि त्याच्या डोक्यातही काही बिघाड दिसतो.” पुढल्या आठवड्यात त्याला एका मांत्रिकाकडे नेल्याचे कळले. तो शाळेत परत आला नाही. काही वर्षांनी गडचांदूरच्या बाजारात त्याचे वडील भेटले. मुलाला शाळेत का पाठविले नाही, असे मी विचारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “गुरुजी, डोक्यात बिघाड आहे म्हणून तुम्हीच तर सांगितलं होतं.”

तो मुलगा स्वमग्न होता काय, हे मी ठामपणे सांगू शकत नाही, कारण त्याची तपासणी कधी झालीच नाही. परंतु त्याचा प्रश्न रास्त होता. दोन्ही हातांची घडी घातल्यावर तोंडावर ठेवण्यास बोट उरत नाही. इतर मुलांनी माझ्या आज्ञेतील हेतू ओळखला होता. त्याने माझे शब्द तंतोतंत पाळण्याचा प्रयत्न केला होता. वर्गातील सर्वांत आज्ञाधारक मुलाला मी उद्धट ठरविले होते.

स्वमग्नता म्हणजे काय

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, ही मेंदूच्या वाढीतील एक भिन्नता असून ती जन्मापासून असते. ती संसर्गाने होत नाही. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी 1943 साली अकरा मुलांचे निरीक्षण करून, आणि व्हिएन्ना येथील डॉ. हान्स ॲस्पर्गर यांनी 1944 साली, तिचे सविस्तर वर्णन केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 साली जगात सुमारे 127 व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. सेवेच्या काळात प्रत्येक शिक्षकाकडे असे मूल येण्याचा संभव आहे, हे यावरून ध्यानात यावे.

सर्व स्वमग्न मुले एकसारखी नसतात. काही अजिबात बोलत नाहीत. काही एकाच विषयावर तासन्‌तास बोलतात. काहींना अभ्यास जड जातो, काही तो सहज करतात. सामान्यतः पुढील गोष्टी आढळतात: लोकांशी व्यवहार करण्याची निराळी रीत, ऐकलेले शब्द जसेच्या तसे उच्चारणे, ठरलेल्या क्रमात बदल झाल्यास अस्वस्थ होणे, एखाद्या विषयाची खोल आवड, आणि आवाज, उजेड, स्पर्श, वास यांची अतिशय तीव्र किंवा फार मंद जाणीव.

येथे शब्दाविषयीही सावध राहावे. ‘स्वमग्न’ म्हणजे स्वतःतच रमणारा, ज्याला इतरांची गरज नाही असा, हा अर्थ कोणी घेईल; तो बरोबर नाही. यांपैकी पुष्कळ मुलांना सोबती हवे असतात, परंतु सोबत मागण्याची त्यांची रीत आपल्याला कळत नाही. डेमियन मिल्टन या स्वमग्न इंग्रज समाजशास्त्रज्ञांनी 2012 साली हाच मुद्दा मांडला: गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो. स्वमग्न माणसाला इतरांचे मन ओळखणे कठीण जाते, तितकेच इतरांनाही त्याचे मन ओळखणे कठीण जाते. मात्र दोष एकट्या त्याच्याच पदरी पडतो.

वागणूक आणि तिचा चुकीचा अर्थ

(1) मूल नजर देत नाही. आपण म्हणतो, ते खोटे बोलते किंवा गर्विष्ठ आहे. वस्तुतः पुष्कळ स्वमग्न मुलांना नजर भिडविणे त्रासाचे होते. नजर खाली असताना ती अधिक नीट ऐकू शकतात.

(2) तहान लागली असता मूल “तुला पाणी पाहिजे का?” असे म्हणते. मुले हसतात. पाणी देताना आई जे वाक्य बोलते, तेच त्याने मागणीचे वाक्य म्हणून उचललेले असते.

(3) शाळेची घंटा वाजताच मूल किंचाळते. आपल्याकडे पुष्कळ शाळांत लोखंडी तुकड्यावर टोला देतात. तो आवाज काही मुलांच्या कानांना खरोखर वेदना देतो. त्यात हट्ट नसतो.

(4) मूल पोषण आहारातील खिचडी खात नाही, किंवा पंगतीत शेजाऱ्याचा हात लागताच दूर सरकते. हे विशेष जपून पाहण्यासारखे आहे. आपल्या समाजात अन्न नाकारणे आणि अंग चोरणे यांचा अर्थ लोक जातीवरून लावतात, आणि त्यातून दोन घरांत वितुष्ट येऊ शकते. मुलाला मात्र भात, डाळ व भाजी एकत्र झाल्याने लागणारा स्पर्शच सहन होत नसेल. थोडा कोरडा भात वेगळा काढून द्यावा, जागा पंगतीच्या टोकाला द्यावी, आणि कारण दोन्ही घरांना समजावून सांगावे.

आपल्या भागातील भाषेचा प्रश्न

कोरपना, जिवती, राजुरा या तालुक्यांत मुले गोंडी, कोलामी, तेलुगू, बंजारा अशा निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या घरांतून येतात. त्यामुळे येथे दोन उलट चुका होतात. मराठी न समजल्याने गप्प बसणाऱ्या निरोगी कोलाम मुलाला आपण मंद समजतो. आणि स्वमग्न मुलाविषयी “भाषा आली की बोलेल” असे म्हणून दोन-तीन वर्षे वाया घालवितो.

भेद ओळखण्याचा मार्ग मुलाच्या घरातून जातो. ज्याची अडचण केवळ भाषेची आहे, ते मूल अंगणात आपल्या भाषेत मोकळेपणी बोलते आणि शाळेतही खुणांनी काम भागविते. स्वमग्न मुलाचे वेगळेपण मातृभाषेतही दिसते. म्हणून आईला किंवा आजीला तिच्या भाषेत विचारावे: हवी ती वस्तू ते बोटाने दाखविते काय? नावाने हाक मारल्यास पाहते काय? सापडलेली गंमत दुसऱ्याला दाखवायला आणते काय? ऐकण्यात दोष नाही ना, हेही प्रथम तपासून घ्यावे. शिक्षकाने फक्त निरीक्षण लिहून ठेवावे. निदान हे तज्ज्ञांचे काम आहे.

आईला दोष देण्याची रीत

मुलाच्या वेगळेपणाचा ठपका आईवर ठेवणारे लोक केवळ खेड्यातच असतात असे नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास पाश्चात्त्य देशांतील नामवंत विद्वानही आईच्या कोरड्या वागण्यामुळे मूल स्वमग्न होते असे मानीत. ब्रूनो बेटेलहाइम यांनी 1967 साली यावर ग्रंथही लिहिला. पुढे सुझन फोल्स्टीन व मायकेल रटर यांनी 1977 साली जुळ्या भावंडांच्या 21 जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे दाखवून दिले. तोवर असंख्य माता नाहक अपराधी ठरल्या होत्या. आपल्याकडील आईला तर सासर, गाव आणि कधी शाळा, असे तिघांचे बोल ऐकावे लागतात.

दुसरा मार्ग मांत्रिकाकडे जातो. अंधश्रद्धेचे परिणाम काय होतात हे आपल्या भागाने पाहिले आहे. 2021 च्या ऑगस्टमध्ये जिवती तालुक्यातील वणी (खुर्द) येथे जादूटोण्याच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना बांधून मारहाण झाली. ज्याचे वागणे लोकांना उमगत नाही, त्याच्यावर संशय प्रथम जातो. भूत उतरविण्याच्या नावाखाली कोणालाही बांधणे किंवा मारणे हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. शिक्षकाने पालकांना धाक न दाखविता ही माहिती वेळीच द्यावी.

वर्गात काय करावे

(1) एका वेळी एकच सूचना द्यावी, व ती सरळ शब्दांत द्यावी. “पुस्तकात डोके घाल” असे न म्हणता “पान 12 वाच” असे म्हणावे.

(2) उत्तरासाठी मनात दहा अंक मोजेपर्यंत थांबावे.

(3) दिवसाचा क्रम चित्रांनी फळ्याच्या कडेला मांडावा. तपासणी, पाहुणे, पोळ्याची सुटी असा बदल असल्यास आदल्या दिवशी सांगावे.

(4) घंटेपूर्वी मुलाला खूण करावी. त्याची जागा घंटेपासून दूर ठेवावी.

(5) मूल बिथरले असता शांत कोपऱ्यात बसू द्यावे. त्या वेळी प्रश्न विचारू नयेत व गर्दी जमू देऊ नये.

(6) शिक्षा करू नये. बालशिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 अन्वये शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस सर्वच मुलांबाबत मनाई आहे.

(7) मुलाची आवड अध्यापनात आणावी. सिमेंटच्या गाड्या मोजणाऱ्या मुलास बेरीज त्याच गाड्यांवरून शिकवावी.

(8) वर्गातील मुलांना “त्याला आवाज फार मोठा लागतो” इतके साधे कारण सांगावे. शिक्षकाचे अनुकरण करून मुले पुष्कळदा मोठ्यांपेक्षा लवकर सांभाळून घेऊ लागतात.

पालकांशी बोलताना

प्रथम मुलाला काय येते ते सांगावे, नंतर अडचण सांगावी. “वेडा”, “बिघाड” हे शब्द वापरू नयेत. “पूर्ण बरा होईल” असे खोटे आश्वासनही देऊ नये. योग्य शिक्षणाने मूल पुष्कळ शिकते, इतके खात्रीने सांगता येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हा आपली टिपणवही डॉक्टरांपुढे ठेवावी व पुढील तपासणीसाठी शिफारस मागावी. गट साधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांचे साहाय्य घ्यावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या बालकास 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

माझ्या एका वाक्याने एका मुलाची शाळा सुटली. तेच वाक्य मी निराळे बोललो असतो, “मुलगा शब्द नीट ऐकतो, त्याला शिकविण्याची रीत मला शोधावी लागेल,” असे म्हटले असते, तर त्याच्या वडिलांनी तेही तितक्याच विश्वासाने लक्षात ठेवले असते. आपल्या वर्गात असे मूल येईल त्या दिवशी हे आठवावे, एवढीच विनंती.

केंद्र संमेलनात चर्चेसाठी प्रश्न

1. आपण वर्गात रोज देत असलेल्या कोणत्या आज्ञा शब्दशः पाळणे अशक्य आहे? त्यांच्या जागी कोणत्या सूचना द्याव्यात?

2. गप्प राहणाऱ्या मुलाची अडचण भाषेची, श्रवणाची की अन्य, हे पाहण्यासाठी टिपणवहीत कोणत्या नोंदी ठेवाल?

3. आपल्या गावात अशा मुलांना कोणती नावे ठेवली जातात? ती वर्गात बोलली गेल्यास आपण काय कराल?